इंदूर ते गुलमर्ग: बर्फाच्या पोटातला थर

शनिवार, इंदूर

सामानात सगळ्यात आधी भरलं ते बीकन, प्रोब आणि फावडं. स्की, बूट, लोकरी मोजे, शेवेची पाकिटं, जीरावण मसाल्याची डबी हे सगळं नंतर. गुलमर्गला दोराच्या आत, म्हणजे दोर लावून आखलेल्या उतारावर, स्की करायचं असेल तर या तीन वस्तूंवाचून अडत नाही. तिथला उतार स्की गस्तीचं पथक रोज तपासतं आणि गरज पडली तर स्फोट करून बर्फ आधीच खाली पाडतं. आम्हाला जायचं होतं दोराबाहेर. तिथे तपासणारं कोणी नसतं. बर्फ घसरून कोणी गाडलं गेलंच, तर शोधायला बरोबरची दोन-चार माणसंच.

आम्ही तिघं: मी, माझा भाचा आणि भाचेसून. मी पॉलिटेक्निकात मृदा यांत्रिकी शिकवते आणि तरुणपणी गुलमर्गच्याच सरकारी संस्थेत स्की शिकले आहे. ही दोघं हिमालयात नियमाने जाणारी. आमच्या राजेंद्रनगरच्या गल्लीत एक जुनं घर पाडून नवं उठतंय. तिथल्या वाळूच्या ढिगात टिफिनच्या डब्यात बीकन घालून पुरायचा आणि शोधायचा, असा सराव गेले काही रविवार चालला होता. येणारे-जाणारे विचारायचे, "क्या गुम गया, भिया?" भाचेसून प्रत्येकाला थांबवून नीट समजावून सांगायची.

बीकन म्हणजे छातीशी पट्ट्याने बांधायचं छोटं यंत्र. जगभर सगळे बीकन 457 किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, एकाला दुसऱ्याचा ऐकू येतो. चालताना सगळ्यांचे बीकन संदेश पाठवत राहतात. कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापले शोधण्यावर टाकायचे आणि बाण-आकडा दाखवेल तसं जायचं. आकडा तीनच्या खाली आला की धावणं बंद, बीकन बर्फाला टेकवून फुलीच्या रेषांत हळूहळू फिरवायचा. सगळ्यात लहान आकडा जिथे मिळेल तिथून प्रोब, म्हणजे घडीची लांब सळई, उताराला काटकोनात टोचत जायची, दर वीतभर अंतरावर गोल-गोल. माणूस लागला की सळई काढायची नाही. खणायला उताराच्या खालच्या अंगाने सुरुवात करायची. मोबाइल बीकनपासून वीतभर तरी दूर हवा आणि शोधताना हातभर, नाहीतर आकडे भरकटतात.

एवढी घाई कशासाठी, ते आकड्यांतच आहे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहा जणांपैकी नऊ वाचतात. अर्ध्या तासाने तिघांपैकी जेमतेम एक. घसरताना बर्फाचे कण घासून फुटतात आणि थांबल्याथांबल्या एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे आतल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही. मदतीला माणसं बोलवेपर्यंत ही वेळ उलटून गेलेली असते.

निघताना महूचे एक निवृत्त सुभेदार काका भेटायला आले. त्यांनी गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी प्रशिक्षण घेतलेलं. त्यांच्या वेळी बीकन नव्हता. कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडायची, गाडलं गेलं तर दोरीचा एखादा तुकडा वर दिसेल या आशेवर. त्यांनी आमचे तिन्ही बीकन चालू करून पाहिले, बॅटरीचे आकडे वाचले आणि मगच चहाचा कप उचलला.

रविवार, मालवा एक्सप्रेस

उज्जैन, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत गाडी रात्रभर उत्तरेला धावली. भाच्याने वहीत नोव्हेंबरपासूनचं गुलमर्गचं हवामान उतरून ठेवलं होतं. कुठल्या तारखेला किती बर्फ, रात्रीचं तापमान, वारा कुठला. अंबाल्यानंतर मी ती वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. या प्रवासाला निघताना प्रत्येकाने असं काहीतरी वाचावं, असं मला मनापासून वाटतं. दोराबाहेर पाय ठेवणाऱ्याला आजचं हवामान पुरत नाही, त्याला अख्खा हिवाळा माहीत हवा.

या वर्षी नोव्हेंबरअखेरीस गुडघाभर बर्फ पडून गेला. नंतर चिल्ले कलान सुरू झालं, म्हणजे 21 डिसेंबर ते 30 जानेवारी हे काश्मीरचे कडाक्याचे चाळीस दिवस. त्यातले बरेचसे निरभ्र आणि कोरडे गेले. खरा मोठा बर्फ जानेवारी संपता संपता आला. वाचणाऱ्याला वाटेल, आला ना, मग झालं. पण काळजीचं कारण नेमकं तिथेच आहे.

जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाच्या आसपास राहतो, कारण खालून जमिनीची ऊब मिळते. वर उघडं आकाश, रात्री उणे दहा, उणे पंधरा. बर्फ जाड असेल तर हा फरक मोठ्या उंचीत विभागला जातो. थर पातळ असेल तर दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडतो, आणि मग खालच्या कणांतून निघालेली वाफ वर चढून वरच्या कणांवर गोठत राहते. काही आठवड्यांत तळाच्या बर्फाचे टोकदार, पैलूदार, एकमेकांना न धरणारे दाणे होतात. त्याला डेप्थ होर म्हणतात. मुठीत घेतला तर जाड साखरेसारखा बोटांतून सांडतो. त्यावर नवीन बर्फ पडतो, वारा तो दाबून त्याची फळी करतो, आणि आता एक जड फळी सुट्या दाण्यांवर टेकून उभी असते. तिच्यावर माणूस गेला की खालचे दाणे एका जागी चिरडतात, ती मोड थरातून सेकंदात दूरवर पळते आणि सगळी फळी एकदम सुटते. स्की करणाऱ्यांना मारणारी बहुतेक हिमस्खलनं याच जातीची असतात, आणि त्यांतली बहुतेक गाडल्या गेलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेली असतात.

सोमवार, कटरा ते गुलमर्ग

2025 च्या जूनपासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि इंदूरकरांना रेल्वेने थेट खोऱ्यात उतरता येऊ लागलं. चिनाब पूल नदीपात्रापासून 359 मीटर उंच आहे. गाडी त्यावर आली तेव्हा डब्यातली सगळी माणसं एका बाजूला सरकली. बनिहालनंतर अकरा किलोमीटरचा पीरपंजाल बोगदा. त्या बोगद्याच्या डोक्यावर जी रांग आहे, तिच्याच एका अंगाला गुलमर्ग.

तंगमर्गला चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घेतली. शेवटचे तेरा किलोमीटर चढ, देवदारांमधून. खोलीवर पोचलो तर मालकांनी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, पुढे सरकवली आणि नूनचहा आणला. आमचे गाईड संध्याकाळीच येऊन भेटले. ते मूळचे तंगमर्गचे, लाकडी फळ्यांवर स्की करत मोठे झालेले. भाच्याची वही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली. म्हणाले, "अच्छा किया। बस, नीचे वाली बर्फ़ पे भरोसा नहीं है इस साल।"

मंगळवार, दोराच्या आत

गोंडोलाचा पहिला टप्पा गुलमर्गच्या 2650 मीटरवरून कोंगडोरीला, दुसरा तिथून जवळजवळ 4000 मीटरवर अफरवटच्या धारेखाली. दिवसभर दोराच्या आतच स्की केलं, पाय मोकळे केले. उतरताना गाईड मधेच थांबायचे आणि काठीने एकेक घळ दाखवायचे.

खिलनमर्गच्या बाजूला 8 फेब्रुवारी 2010 ला हिमस्खलनात वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गेले. सुभेदार काकांनी निघताना हीच तारीख सांगितली होती. 1 फेब्रुवारी 2023 ला हापतखुडच्या उतारावर पोलंडचे दोघं स्कीपटू गेले. 22 फेब्रुवारी 2024 ला रशियाचा एक जण. तिन्ही तारखा फेब्रुवारीतल्या आहेत. गाईडांनी प्रत्येक जागेचा उतार, दिशा आणि वर साठणाऱ्या बर्फाची जागा दाखवली. मरण पावलेल्यांबद्दल एकही उणा शब्द काढला नाही, आणि मला ते फार आवडलं.

एक गोष्ट त्यांनी नीट समजावली. पीरपंजालला बर्फ भरपूर आणि थंडी त्या मानाने बेताची, म्हणून एरवी इथे धोका वादळात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत असतो, मग बर्फ बसतो. लडाख-काराकोरमकडे बर्फ थोडा, थंडी कडक, तिथे दुबळे थर कित्येक आठवडे टिकतात. यंदा कोरड्या चिल्ले कलानमुळे गुलमर्गच्या तळाशी तिकडच्यासारखा थर बसला होता. म्हणजे इथल्या माणसाची रोजची सवय, "वादळानंतर दोन दिवस थांबा, मग जा", या वर्षी पुरी पडणार नव्हती.

बुधवार, खड्डा

हा दिवस मी विसरणार नाही. कोंगडोरीच्या वर, ईशान्येकडे तोंड असलेल्या एका छोट्या उतारावर आम्ही खड्डा खणला. जागा गाईडांनी निवडली. दिशा आणि उंची आम्हाला जिथे जायचं होतं त्या उतारासारखी, पण वर काहीही लोंबत नाही आणि खाली घळ नाही. जमीन लागेपर्यंत एकशे तीस सेंटिमीटर गेलो. उताराकडची भिंत फावड्याच्या पात्याने तासून आरशासारखी सपाट केली.

मग भिंत वाचायची. आधी हाताने. मूठ सहज आत गेली तर थर एकदम मऊ, चार बोटं गेली तर थोडा कडक, मग एक बोट, मग पेन्सिल, मग चाकू. वरचे वीस सेंटिमीटर मुठीचे. खाली सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरची जानेवारीअखेरची फळी, वरच्या भागात एका बोटाची, खालच्या भागात पेन्सिलीची. तिच्याखाली बोटाच्या नखाएवढा बर्फाळ पापुद्रा. आणि त्याच्याखाली तळापर्यंत मूठ पुन्हा मनगटापर्यंत गेली. वर कठीण, खाली पोकळ. भाचेसुनेने तो तळचा बर्फ काळ्या पत्र्यावर घेतला आणि भिंगाखाली धरला. प्रत्येक दाण्याला कडा होत्या, काही तर आतून पोकळ, पेल्यासारखे, अंगावर जिन्यासारख्या रेघा. मी आयुष्यभर वाळू आणि चिकणमातीचे दाणे पाहत आले, इतके देखणे आणि इतके बेभरवशाचे दाणे पाहिले नव्हते.

आता चाचणी. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल असा ठोकळा बाजूंनी आणि मागून गाठींच्या दोरीने कापून सुटा केला. एका टोकावर फावडं पालथं ठेवलं. गाईड मोजत होते, भाचा मारत होता. मनगटापासून दहा थापा, कोपरापासून दहा, खांद्यापासून दहा. पहिल्या दहांत काही नाही. कोपराच्या चौथ्या थापेला, म्हणजे चौदाव्याला, "ठप्प" असा दबका आवाज आला आणि पापुद्र्याखालून एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका क्षणात पळाली. सबंध ठोकळा पुढे सरकून खड्ड्यात उतरला.

आमच्या प्रयोगशाळेत शिअर बॉक्समध्ये, म्हणजे माती सरकवून तोडायच्या पेटीत, नमुना तुटतो तेव्हा मी मुलांना सांगते, तुटण्याचं बळ बघा. इथे त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. किती थापांना तुटला हा दुय्यम प्रश्न. थाप एका टोकाला पडली आणि मोड दुसऱ्या टोकापर्यंत गेली, हे खरं उत्तर. उतारावर ती अशीच शंभर मीटर जाईल. भाच्याने पुन्हा ठोकळा कापला, पुन्हा तेच. एका खड्ड्यावरून उताराला सुरक्षित म्हणायचं नसतं, कारण दहा पावलांवर दगडाशेजारी बर्फाची जाडी आणि जातही बदलते. पण एका खड्ड्याने "नको" म्हटलं तर ते ऐकायचं असतं.

बोटं बधिर झाली होती. गाईडांनी खिशातून रोटीचे तुकडे काढले, आम्ही शेव काढली. त्यांना जीरावण इतकं आवडलं की डबी तिथेच त्यांना दिली.

गुरुवार

पश्चिमी विक्षोभ आला. दिवसभर बर्फ, संध्याकाळपर्यंत खोलीबाहेर खोचलेल्या काठीवर पंचेचाळीस सेंटिमीटर. वर धारेवर नैर्ऋत्येचा वारा. वारा बर्फ वाहून नेतो आणि धारेच्या आडोशाच्या बाजूला टाकतो, त्यामुळे गुलमर्गकडे तोंड असलेल्या उतारांवर आकाशातून पडला त्याच्या कितीतरी पट बर्फ साठतो. धारेवरून बाहेर झुकणारा बर्फाचा सज्जाही त्यातूनच बनतो. बारामुल्ला जिल्ह्याच्या उंच भागासाठी हिमस्खलनाचा इशारा आला. हे इशारे डीआरडीओची चंदीगडची संस्था देते. पूर्वी हे काम सासे या हिमस्खलन अभ्यासाच्या संस्थेकडे होतं, 2020 मध्ये ती संस्था नव्या संस्थेत विलीन झाली. इशारा जिल्ह्यापुरता असतो, एका उताराचं उत्तर त्यात नसतं. दुपारभर अंगणातल्या बर्फात बीकनचा सराव केला.

शुक्रवार, उघडीप

सकाळी आभाळ निळंशार. खोऱ्यापलीकडे नंगा पर्बतसुद्धा स्वच्छ दिसत होता. वरून गस्तीच्या स्फोटांचे आवाज येत होते आणि दुसरा टप्पा अजून बंद होता. गल्लीतून बूट वाजवत जाणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती: आज वर जायचं.

भाचा म्हणाला, "मावशी, अशी उघडीप पुन्हा मिळायची नाही. उद्या निघायचंय. मागच्या बाजूचा तो एकच उतार, एकेकट्याने, पटकन." त्याच्या बोलण्यात उतावळेपणा नव्हता, वर्षभराची वाट पाहणं होतं. गाईडांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला फोनमधलं कोनमापक काढायला लावलं आणि समोरचा उतार मोजायला सांगितला. छत्तीस अंश. फळी सुटणारी बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुरू होतात, आणि अडतीसच्या आसपास सगळ्यात जास्त. मग ते म्हणाले, "परसों चौदह पे टूटा था। उसके ऊपर अब रात वाला भी रखा है।"

भाचा थोडा वेळ वर बघत राहिला. मग खाली बसून स्कीच्या तळाला चढाच्या पट्ट्या चिकटवू लागला आणि म्हणाला, "जंगलात जाऊ." मला त्याचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. चौथ्या-पाचव्याला वादळ दिसतं, माणसं घरात बसतात. स्वित्झर्लंडमध्ये साधारण निम्मे बळी तिसऱ्या पातळीला जातात, कारण तेव्हा ऊन असतं, बर्फ सुंदर असतो आणि पायवाट पडलेली असते.

कोंगडोरीखालच्या जंगलात, पंचवीस अंशांच्या आतल्या उतारांवर, दिवसभर फिरलो. वर उघडा उभा उतार नाही अशी वाट गाईडांनी आखली होती, कारण सपाटीवर चालतानाही खालचा थर मोडून वरचा उतार सुटू शकतो. आमच्यात अंतर ठेवून चाललो. भोजपत्राच्या झाडांमधल्या एका मोकळ्या तुकड्यावर मी पुढे होते. पायाखाली "हुम्फ" असा आवाज आला, पोटात जाणवणारा, आणि सगळा तुकडा बोटभर खाली बसला. माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग निघाली आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या झाडापर्यंत नागमोडी गेली. उतार पंधरा अंशांचाही नव्हता, म्हणून काही घसरलं नाही. सगळे जागच्या जागी थांबलो. गाईडांनी एवढंच विचारलं, "सुना?" चौघांनीही ऐकलं होतं.

दुपारी जंगलाच्या कडेला आलो तर पलीकडच्या घळीच्या माथ्यावर फळी सुटल्याची ताजी कातर दिसली. उंच, निळसर, सरळ रेषेत कापल्यासारखी, आणि खाली बर्फाच्या ढेकळांचा पसारा. त्या उतारावर कोणी गेल्याच्या खुणा नव्हत्या. तो आपल्याच भाराने सुटला होता. खालून चार परदेशी मुलं वर निघाली होती. गाईड त्यांच्याकडे गेले, कातर दाखवली, आपला फोन काढून खड्ड्याचा फोटो दाखवला. त्यातली एक मुलगी बराच वेळ प्रश्न विचारत होती. चौघंही आमच्याबरोबर जंगलातून खाली आली.

संध्याकाळी त्यांच्यातल्या दोघांकडे बीकन आहे पण प्रोब नाही, असं कळलं. बाजारात तिन्ही वस्तू भाड्याने मिळतात. घेताना बॅटरी तपासा, प्रोब उघडून ताणून बघा, फावड्याचं पातं धातूचंच घ्या. प्लॅस्टिकचं पातं बसलेल्या बर्फात वाकतं. आणि गाईड ठरवताना "शेवटचा खड्डा कधी, कुठे खणलात?" हे जरूर विचारा.

शनिवार, परत

तंगमर्गपर्यंत गाईड सोडायला आले. वाटेत मी विचारलं, हा थर जाणार कधी? त्यांच्या मते दोनच मार्ग. वर इतका बर्फ साठेल की माणसाचं वजन तळापर्यंत पोचणार नाही आणि दाणे हळूहळू एकमेकांना धरू लागतील. नाहीतर मार्चचं ऊन पाणी खाली झिरपवेल आणि ओला होऊन तो सुटेल, तेव्हा पहाटे निघून दुपारच्या आत खाली यायचं. तोपर्यंत ते दर तीन-चार दिवसांनी खणत राहणार होते. भाच्याने आपली वही त्यांनाच देऊन टाकली, पुढची पानं भरायला.

इंदूरला पोचल्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. तीच भिंत, तोच पापुद्रा, वर आणखी बर्फ. खाली लिहिलं होतं: "आज 22 पे। लेकिन पूरा टूटा।" भाच्याने लगेच फोन केला, "मावशी, चौदावरून बावीसवर आला!" मी म्हटलं, "बावीस खरं, पण मोड या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीच ना?" तो म्हणाला, "गेली. आणि ते अजून जंगलातच नेतायत लोकांना."